डॉ. श्रीराम लागू आणि मास्तरांच्या भूमिका

नटाविषयी टीकालेख लिहिणे हे कवीविषयी लिहिण्यापेक्षा अधिक कठीण असते. कवी गेला तरी त्याची कविता मागे राहते आणि शंभर वर्षांनंतरचा वाचकही ती स्वतः वाचून आपले मत बनवू शकतो. नट गेला की मागे राहतात त्या आठवणी, आणि आठवणींचा स्वभावच असा की त्या दरवर्षी थोड्या थोड्या वाढत जातात. गणपतराव जोश्यांचा हॅम्लेट ज्यांनी पाहिला त्यांनी त्याचे वर्णन पुढच्या पिढीस सांगितले, त्या पिढीने ते आणखी रंगवून सांगितले, आणि आज आपणांपाशी उरले आहे ते एक आदरयुक्त कुतूहल. चित्रपट आल्यावर ही अडचण संपली असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. वस्तुतः तिने केवळ रूप बदलले. जो नट रंगभूमी आणि चित्रपट या दोन्ही ठिकाणी वावरला, त्याचे चित्रपट टिकतात, प्रयोग विरून जातात, आणि मागाहून येणारे लोक टिकलेल्या अर्ध्यावरून संपूर्ण नटाचे मोजमाप करू लागतात.

डॉ. श्रीराम लागू यांच्या बाबतीत परभणीसारख्या जिल्ह्यात नेमके हेच घडले आहे. मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित कुटुंबांत ‘लागू’ म्हटले की ‘नटसम्राट’ आठवतो. आमच्या सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड येथील कुटुंबांत तेच नाव उच्चारले की प्रथम ‘पिंजरा’तील गुरुजी डोळ्यांपुढे उभे राहतात. यात रसिकतेचा उणेपणा नाही, भूगोलाचा भाग आहे. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. पुढेही मोठ्या नाटकमंडळ्यांचे दौरे पश्चिम महाराष्ट्रात जितक्या सहजतेने होत, तितक्या सहजतेने ते मनमाडच्या पलीकडे येत नसत. चित्रपट मात्र डब्यात बसून कोठेही जातो. शहरातील टॉकीजमध्ये, आणि मागाहून जत्रेतील तंबूतही, तो येऊन पोहोचला. माझ्या पिढीचा तर जन्मच त्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा. तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांस ज्ञात असलेले डॉ. लागू हे पडद्यावरचे लागू होत. या अर्ध्या ओळखीवरून त्यांच्या कलेच्या गाभ्यापर्यंत पोहोचता येते काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. मला वाटते की येते. परंतु त्यासाठी त्यांच्या भूमिकांमधून जाणारा एक विशिष्ट धागा पकडावा लागतो. तो धागा म्हणजे मास्तरांचा.

प्रथम चरित्राची रूपरेषा पाहू. डॉ. लागूंचा जन्म 16 नोव्हेंबर 1927 रोजी सातारा येथे झाला. वडील डॉक्टर होते. शिक्षण पुण्यात झाले. फर्ग्युसन महाविद्यालयातून ते वैद्यकीय महाविद्यालयात गेले आणि कान-नाक-घसा यांचे शस्त्रवैद्य झाले. नाटकाचा नाद वैद्यकीय महाविद्यालयातच लागला होता. पुढे भालबा केळकर आदी मंडळींबरोबर पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये आणि मुंबईच्या ‘रंगायन’मध्ये त्यांनी हौशी नट म्हणून काम केले. उच्च शिक्षणासाठी ते परदेशी गेले, काही काळ आफ्रिकेत टांझानियातील टबोरा येथे त्यांनी वैद्यकी केली, आणि 1969 मध्ये, वयाची चाळिशी उलटल्यावर, वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकापासून ते पूर्णवेळ नट झाले. सुस्थितीतील गृहस्थाने बेचाळिसाव्या वर्षी चालता व्यवसाय सोडून तोंडाला रंग लावावा, ही गोष्ट आपल्या मध्यमवर्गाच्या हिशेबात बसणारी नाही. परंतु त्या निर्णयात आवेशापेक्षा विचारच अधिक होता असे दिसते. वीस वर्षे हौशी रंगभूमीवर उमेदवारी केल्यानंतरचा तो निर्णय होता. त्यानंतरची वाट मात्र वेगाची ठरली. 1970 च्या एकाच वर्षात त्यांनी विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ दिग्दर्शित करून नाट्यपरीक्षण मंडळाशी झगडा केला आणि वर्ष संपता संपता, 23 डिसेंबर रोजी, वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकर उभा केला. 1974 मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली. 17 डिसेंबर 2019 रोजी पुण्यात, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या अभिनयावर एक आक्षेप पहिल्यापासून घेतला जात असे. तो असा की, हा बुद्धिवादी नट आहे. तो विचार करून रडतो, म्हणून त्याचे रडणे थंड असते. या आक्षेपाचा परामर्श घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. आपल्याकडे नटाची थोरवी ‘रंगून जाणे’ या शब्दांत सांगण्याचा प्रघात आहे. नटाने भान हरपले म्हणजे प्रेक्षकाचेही हरपते, अशी समजूत त्यामागे असते. भरतमुनींनी अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले, त्यांत सात्त्विकास मोठे स्थान आहे हे खरे. परंतु सात्त्विकासही मनाची एकाग्रता लागते असेच शास्त्राचे म्हणणे आहे. भान हरपणे आणि मन एकाग्र होणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. शस्त्रवैद्याला हा भेद कोणी शिकवावा लागत नाही. त्याच्या हातून दुसऱ्याच्या देहात सुरी चालते. तेथे त्याला दयाही असावी लागते आणि हातही स्थिर असावा लागतो. डॉ. लागूंच्या अभिनयात ही स्थिरता आहे. ते भावनेला नकार देत नाहीत, तिचे स्थान निश्चित करतात. ‘वाचिक अभिनय’ या नावाचे स्वतंत्र पुस्तक त्यांनी लिहिले, ही गोष्टही येथे ध्यानात घ्यावी. घशाचे विकार पारखणाऱ्या माणसाने स्वरयंत्राचा विचार कलेच्या अंगाने केला, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. त्यांचा आवाज गोड नव्हता. तो काहीसा खरखरीत आणि दाट होता. त्याचा उपयोग त्यांनी गायनासारखा केला नाही. वाक्यातील कोणत्या शब्दावर अर्थाचा भार आहे तो हेरून त्यावरच ते थांबत, आणि उरलेले वाक्य जवळजवळ बोलाचालीच्या स्वरात सोडून देत. केशवराव दाते यांनी ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये 1933 साली जी वास्तवाची वाट रुळविली, तिच्यावरचा हा पुढचा टप्पा होय.

‘नटसम्राट’मध्ये या नटाची खरी परीक्षा झाली, आणि ती परीक्षा मोठी विलक्षण होती. गणपतराव बेलवलकर हा जुन्या परंपरेचा नट आहे. भव्य वाक्ये, पल्लेदार स्वगते, हातवारे आणि टाळी यांवर त्याचा पिंड पोसलेला आहे. त्याची भूमिका करावयाची ती त्या परंपरेविरुद्ध वाढलेल्या, वास्तवाच्या शाळेतील नटाने. डॉ. लागू पूर्णपणे जुन्या ढंगात गेले असते तर ते अनुकरण ठरले असते. पूर्णपणे नव्या ढंगात राहिले असते तर बेलवलकर नटच वाटला नसता, निवृत्त कारकून वाटला असता. त्या स्वगतांच्या काही अंशांची जी मुद्रणे आज पाहावयास मिळतात, त्यांवरून त्यांनी काढलेली तोड ध्यानात येते. भव्य वाक्य ते भव्यपणेच उचलतात. परंतु त्याच्या शेवटाशी येताना म्हाताऱ्या देहाचा थकवा त्यात शिरू देतात. म्हणजे वाक्य नटसम्राटाचे आणि श्वास बेघर वृद्धाचा. शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या ‘लिअर’ची छाया घेऊन हे नाटक रचले, परंतु लिअरचा क्रोध मराठी घरात आणताना त्यात कारुण्याचे पाणी बरेच मिसळले. मुलगा, सून, मुलगी यांच्या वागण्याने आपल्या आईबापांना डोळे पुसावयास लावणे सोपे आहे, आणि नाटकाची लोकप्रियता काही अंशी त्या सोपेपणावर उभी आहे, हे सांगणे टीकाकाराचे कर्तव्य आहे. डॉ. लागूंनी त्या पाण्यातही क्रोधाची धार जागी ठेवली. त्यांचा बेलवलकर दया मागत नाही. ज्या जगाने आपले आसन काढून घेतले त्याला तो जाब विचारतो. त्यावेळी या नटाचे वय त्रेचाळीस होते. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी आदी समर्थ नटांनी ही भूमिका केली आणि 2016 मध्ये नाना पाटेकरांनी ती पडद्यावर केली. तरी तुलनेचे माप अद्याप तेच राहिले आहे.

आता पडद्याकडे वळू. रंगभूमीवरील थोर नट पडद्यावर थोर ठरेलच असे नाही. व्ही. शांताराम यांनीच 1935 मध्ये ‘धर्मात्मा’त बालगंधर्वांना एकनाथांच्या भूमिकेत उभे केले, तेथे त्या महान कलावंताची जादू चालली नाही. उलट त्याच दिग्दर्शकाच्या ‘कुंकू’त 1937 मध्ये केशवराव दात्यांनी वृद्ध काकासाहेब असा रंगविला की तो आजही जिवंत वाटतो. कॅमेरा जवळ येतो, आणि जवळ आल्यावर दूरच्या प्रेक्षकासाठी केलेली प्रत्येक गोष्ट तो उघडी पाडतो. ज्याच्या चेहऱ्यामागे विचार चालू आहे तोच नट त्या जवळिकीला टिकतो. 1972 च्या ‘पिंजरा’त शांतारामांनी डॉ. लागूंना घेतले, तेव्हा ही कसोटी पुन्हा एकदा लागली.

‘पिंजरा’ची कथा वाचकांस सांगण्याची गरज नाही. जर्मन ‘ब्ल्यू एंजल’ या 1930 च्या चित्रपटाची ती छाया आहे आणि त्याच्याही मागे हाइनरिख मानची 1905 ची कादंबरी आहे. परंतु मूळ आणि छाया यांत एक महत्त्वाचा फरक आहे. जर्मन प्राध्यापक अखेर आपल्या जुन्या वर्गात येऊन टेबलाला कवटाळून मरतो. त्याची बेअब्रू साऱ्या गावास ठाऊक असते. मराठी गुरुजींना मात्र गाव मेलेले समजते, त्यांचा पुतळा उभारते, आणि ‘गुरुजींचा खून’ केल्याच्या आरोपावरून खुद्द गुरुजीच, आपले खरे नाव न सांगता, शिक्षा पत्करतात. एमिल यानिंग्जला केवळ पतन दाखवायचे होते. डॉ. लागूंना पतनाबरोबरच, स्वतःच्या पुतळ्याकडे पाहणाऱ्या माणसाची लाज दाखवायची होती. चित्रपटाच्या पूर्वार्धात त्यांच्या वागण्यात एक ताठरपणा आहे. त्यास कोणी रंगभूमीची सवय म्हणतात. मला तो त्या गुरुजींचाच ताठरपणा वाटतो. ज्या माणसाने आपल्या सद्गुणाला कधी वाकून पाहिले नाही, तो असाच उभा राहतो, आणि म्हणूनच तो एका धक्क्यात मोडतो. उत्तरार्धात, तमाशाच्या फडाबरोबर हिंडणारा, पाठीचा कणा गेलेला तो माणूस दाखविताना ते जवळजवळ काहीच करीत नाहीत. केवळ मान खाली जाते आणि नजर समोरच्याला टाळते. ‘पिंजरा’ची गाणी, रंग आणि तमाशाचा थाट यांनी लोक चित्रपटगृहात आले असतील, परंतु त्या वर्षीच्या भीषण दुष्काळातून आलेल्या खेडुतास जी गोष्ट घरी नेता आली, ती त्या खाली गेलेल्या मानेची होय असे मला वाटते. खेड्यात मास्तर म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होते.

येथून तो धागा हाती येतो. डॉ. लागूंच्या मोठ्या भूमिका एका ओळीत मांडून पाहा. ‘हिमालयाची सावली’मधील नानासाहेब भानू, स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वाहणारे प्राध्यापक. गो. पु. देशपांड्यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’मधील श्रीधर विश्वनाथ कुलकर्णी, विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे उभा असलेला प्राध्यापक. ‘सामना’तील मास्तर, स्वातंत्र्यलढ्यातून आलेला आणि आता दारूत बुडालेला. तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’मधील नाथ देवळालीकर, पेशाने राजकारणी असला तरी घरात सदैव शिकविणारा. मृणाल सेन यांच्या 1989 च्या ‘एक दिन अचानक’मधील प्राध्यापक, पावसाच्या संध्याकाळी घराबाहेर पडून पुन्हा न परतणारा. ही सारी शिकविणाऱ्यांची माळ आहे. लेखक निरनिराळे, दिग्दर्शक निरनिराळे. तरी मराठी समाजाने या कालखंडात आपल्या आदर्शवादी शिक्षकाची जी तपासणी केली, तिला चेहरा या एका नटाने दिला.

ही तपासणी प्रत्येक वेळी वेगळी आहे. ‘पिंजरा’चे गुरुजी मोहाने पडतात. नानासाहेब भानू पडत नाहीत. परंतु त्यांच्या उभे राहण्याची किंमत पत्नी बयो आणि मुले भरतात, आणि नाटकाचा रोख हा की हिमालयाच्या सावलीत राहणाऱ्यास ऊन मिळत नाही. श्रीधर कुलकर्णी समितीला उत्तरे देता देता स्वतःलाच प्रश्न विचारू लागतो. ‘सामना’चा मास्तर तर सर्वस्व हरवलेला; पण गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले हा प्रश्न विचारण्याचे तो थांबवीत नाही, आणि निळू फुले यांनी साकारलेल्या हिंदुराव धोंडे पाटलाची सारी सत्ता त्या एका प्रश्नापुढे हळूहळू खिळखिळी होते. जब्बार पटेल यांचा हा चित्रपट 1975 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेला. या दोन नटांचा मुकाबला हा मराठी चित्रपटातील अभिनयाचा एक उत्तम धडा आहे. निळूभाऊ जागा व्यापतात, डॉ. लागू जागा सोडतात. आणि शेवटी सोडलेली जागाच व्यापणाऱ्याला छळू लागते.

‘कन्यादान’ हे या माळेतील सर्वांत कठोर नाटक होय. नाथने मुलीला माणुसकीची शिकवण दिली. मुलीने ती खरी मानली आणि दलित कवीशी लग्न केले. त्या संसारात तिला मार खावा लागला. आणि तत्त्वासाठी बाप त्याच जावयाची जाहीर स्तुती करून आला. तेव्हा मुलगी बापाला जो जाब विचारते, त्यापुढे त्याच्याजवळ उत्तर नाही. अशा भूमिकेत नटाला प्रेक्षकाची सहानुभूती चोरण्याचा मोह होतो. थोडा आवाज कापविला, थोडे डोळे भरले की बाप निर्दोष सुटतो. 1983 मध्ये ही भूमिका स्वीकारणाऱ्या नटाचे स्वतःचे विचारही समाजवादी आणि सुधारणावादी होते, म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहणारा माणूस त्याच्याच घरचा होता. तरी तो त्याने सोडवून नेला नाही. आपल्याच पंथाच्या माणसाचे दुबळेपण निष्ठुरपणे पाहू शकणे, हीच त्यांच्या तथाकथित थंडपणाची खरी किंमत होय. भान हरपणाऱ्या नटाला हे साधले नसते. तो आपल्या पात्राच्या बाजूने साक्ष देऊन मोकळा झाला असता.

हे सारे खरे असले तरी दोष झाकून ठेवणे योग्य नव्हे. शंभराहून अधिक चित्रपटांपैकी बहुसंख्य हिंदी चित्रपटांत त्यांच्या वाट्याला न्यायाधीश, डॉक्टर, सोसणारा बाप असली ठोकळेवजा कामे आली, आणि त्यांतील कित्येकांत त्यांनी ठोकळ्यापलीकडे जाण्याचा प्रयत्नही केलेला दिसत नाही. ‘घरोंदा’तील प्रौढ मालक मोदी, ज्यासाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, किंवा ‘गांधी’तील गोपाळ कृष्ण गोखले, ही अपवादाची उदाहरणे. मोडलेल्या आवाजात वाक्य अर्धवट सोडण्याची त्यांची लकबही पुढे पुढे प्रेक्षकास आधीच कळू लागली. निर्मळ, हलका विनोद हा त्यांचा प्रांत नव्हता. त्यांच्या हास्यातही उपरोधाची खडी असे. मोठ्या नटाच्या मर्यादा सांगितल्याने तो लहान होत नाही. उलट त्याचे खरे क्षेत्र कोणते ते स्पष्ट होते.

त्यांच्या मतांविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण आपल्या कुटुंबांत त्यांच्याविषयी जो दुरावा आढळतो तो बहुधा मतांमुळेच. देवाला निवृत्त करावे असे त्यांनी उघडपणे लिहिले आणि त्याबद्दल पुष्कळांचा रोष ओढवून घेतला. संत जनाबाईच्या गंगाखेडात, जेथे विठ्ठल दळण दळावयास येतो अशी श्रद्धा घराघरांत आहे, तेथे हे मत कडू लागणे स्वाभाविक आहे. त्या मताशी सहमत होण्याची गरज नाही. प्रस्तुत लेखकासही ते सर्वस्वी मान्य नाही. परंतु एक गोष्ट मान्य करावी लागेल. हा गृहस्थ बोलला ते जगला. सामाजिक कार्यकर्त्यांना आधार देण्यासाठी उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीकरिता त्यांनी अन्य नटमंडळींसह गावोगाव नाटकाचे प्रयोग केले. तरुण मुलगा तन्वीर अपघाती गेला, तेव्हा त्या दुःखाचे प्रदर्शन न मांडता त्याच्या नावाने रंगकर्मींसाठी सन्मान सुरू केला. ‘लमाण’ या आत्मचरित्रासही त्यांनी जे नाव दिले, त्यात आपण केवळ माल वाहून नेणारे आहोत ही नम्रता आहे. माल लेखकाचा, वाहणारा नट.

तरीही त्या मालाने आपल्याला काय दिले, याचा हिशेब प्रेक्षकानेच करावयाचा असतो. मी शिकविण्याचा व्यवसाय करतो, आणि या लेखाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरांत एखादा तरी शिक्षक असेल. आपल्या जिल्ह्यात शाळा-महाविद्यालये स्वातंत्र्यानंतर झपाट्याने वाढली. शिक्षकाला मान मिळाला, मागाहून वेतनही मिळाले. या सुस्थितीत आपण आपल्या पुतळ्याकडे पाहण्याचे विसरलो आहोत काय? डॉ. लागूंच्या भूमिका हाच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी विचारतात. आपला सद्गुण मोहाची गाठ न पडल्यामुळे टिकला आहे काय? त्याची किंमत घरातील दुसरे कोणी भरते आहे काय? गावात एखादा मारुती कांबळे नाहीसा झाला, तर विचारण्याइतके धैर्य आपल्यात उरले आहे काय?

राज्य नाट्यस्पर्धेच्या निमित्ताने आपल्याकडे दरवर्षी तरुण मुले रंगमंचावर येतात. त्यांच्यातील कित्येक नट ‘नटसम्राट’मधील स्वगत पाठ करून डॉ. लागूंच्या आवाजाची नक्कल करतात. त्यांस माझी सूचना अशी की, त्यांनी आवाज घेऊ नये. ‘सामना’ आणि ‘पिंजरा’ हे दोन चित्रपट लागोपाठ, गाणी वगळून, केवळ मास्तरांवर नजर ठेवून पाहावेत. मग ‘लमाण’ वाचावे. आणि नंतर आपल्या ओळखीच्या एखाद्या वृद्ध शिक्षकाजवळ जाऊन तासभर बसावे. प्रयोग विरून गेले आहेत, ते परत येणार नाहीत. परंतु माणसाकडे पाहण्याची ती रीत शिकता येण्याजोगी आहे, आणि ती परभणीतही शिकता येते.